तिसऱ्या सिलिंडरचं टरफल

पालीच्या एसटी स्टँडवरून पार्सल घेऊन परत येताना सुनंदाच्या कानावर कंप्रेसरचा आवाज पडला आणि ती भर रस्त्यात थबकली. कंप्रेसर ती स्वतः बंद करून गेली होती. गॅरेजात धोंडूशिवाय कोणी नव्हतं, आणि धोंडूने गेल्या दोन वर्षांत कंप्रेसरच्या बटणाला काय, साध्या दहाच्या पान्यालासुद्धा हात लावला नव्हता.

ही गोष्ट पालीत कोणाला ठाऊक नव्हती. कोल्हापूर रस्त्याला लागून पत्र्याची शेड, शेडवर निळ्या अक्षरांत ‘धोंडू मेस्त्री’ अशी पाटी, आणि पाटीखाली स्टुलावर खुद्द धोंडू मेस्त्री बसलेला. लोकांना तेवढं पुरे होतं. कुर्ल्याच्या गॅरेजात बारा वर्षं काढून गावी परतलेला माणूस. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाची बशी त्याच्या हातात खडखडायला लागली, आणि ती खडखड काही थांबली नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि आयुष्यभर घ्यायला सांगितल्या. गोळ्यांनी खडखड कमी झाली, गेली नाही. स्क्रू हातातून निसटून इंजिनाच्या बेचक्यात पडायचा आणि धोंडू त्या स्क्रूला अशा शिव्या द्यायचा की जणू स्क्रूनेच दारू प्यायली होती.

मग काम सुनंदाकडे आलं. कसं आलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यावर दोघं कधी बोललीच नाहीत. लग्नाआधी आणि नंतरही मिळून नऊ वर्षं ती काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची. हातानं बारीक काम करायची सवय होती. शिवाय संसार करता करता अर्धं गॅरेज तिला नुसतं बघूनच येत होतं. उरलेलं अर्धं ती चुकत चुकत शिकली. धोंडू पुढे स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, इंजिन ऐकायचा; आणि मागे पडद्याआड सुनंदा गाडीत कंबरेपर्यंत शिरलेली असायची. गिऱ्हाईक यायच्या वेळेला धोंडू तेलाचं फडकं घेऊन आपली बोटं मुद्दाम काळी करायचा. सुनंदा ते बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची. नवऱ्याची लाज ती आपलीच लाज, असं तिला शिकवलेलं होतं. पण कधीकधी, दमून पाठ मोडायची तेव्हा, तिला वाटायचं की पाटीवर निदान कोपऱ्यात तरी आपलं नाव असावं. वाटायचं आणि ती ते गिळून टाकायची.

आज पडद्याआड उभी असलेली गाडी आप्पांची होती. आप्पा वरच्या वाडीतले, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. प्रत्येक कागद दोनदा वाचणारे आणि प्रत्येक माणसावर एकदाही विश्वास न ठेवणारे. मुंबईच्या मुलाने, गुरुप्रसादने, नवी गाडी घेतली तेव्हा आपली जुनी गाडी बापाला पाठवून दिली. मुंबईत सिग्नल ते सिग्नल चाललेली ती गाडी इथल्या चढणींना धापा टाकायला लागली. गेल्या आठवड्यात आंबा घाटात, ऐन वळणावर, तिचा जीवच गेला. मागे उसाचा ट्रक. गाडी हातभर मागे सरकली. आप्पांच्या बायकोने, सोनूबाईंनी, दोन दिवस आप्पांशी बोलणं टाकलं. आणि त्याच सोनूबाईंना उद्या सकाळी दहाला कोल्हापुरात डोळ्याच्या ऑपरेशनला हजर व्हायचं होतं, त्याच घाटातून.

“धोंडू, मी दुसऱ्या कोणाच्या हातात गाडी देत नाही,” गाडी सोडताना आप्पा म्हणाले होते. “तू स्वतः करणार ना?”

“मग? मी नाय तर कोण?” धोंडू म्हणाला होता.

सुनंदा तेव्हा तिथेच उभी होती. तिच्या हातात पाना होता.

दुखणं काय ते तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. इंजिनात हवा आत सोडणारी जी झाकणं असतात त्यांना मेस्त्री लोक वॉल म्हणतात. जुन्या गाड्यांत पेट्रोल हवेबरोबर या वॉलवरूनच आत जायचं, त्यामुळे वॉल आपसूक धुऊन निघायचे. या नव्या तऱ्हेच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं. वॉलच्या वाट्याला थेंबसुद्धा येत नाही. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ मात्र रोज येऊन त्याच्यावर बसते, भाजते, आणि चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखी काळी खरपुडी धरते. हवेची वाट अरुंद होते आणि गाडी चढणीला मान टाकते.

ती खरपुडी काढायला अक्रोडाच्या टरफलाचा रवा लागतो. हवेच्या जोरावर तो वॉलवर मारायचा. तो काजळी तोडतो पण धातूला ओरखडा काढत नाही, आणि मुख्य म्हणजे खडखडीत कोरडा असतो. पथ्य एकच. ज्या सिलिंडरचं काम चाललंय त्याचे दोन्ही वॉल पक्के मिटलेले हवेत, नाहीतर रवा आत पडतो. म्हणून दर खेपेला इंजिनाची पुली पान्याने हळूहळू फिरवायची, वॉल मिटले की थांबायचं, बॅटरीचा उजेड मारून बघायचं, आणि मगच नळी लावायची. सुनंदा हे कोल्हापूरला दोन दिवस जाऊन शिकून आली होती. धोंडूच्या हाताखालून हे काम कधी गेलंच नव्हतं. त्याचे हात गेल्यावर हे तंत्र पालीत आलं. ‘हे टरफल कशाचं गो?’ असं त्याने तिला कधी विचारलं नाही, कारण बायकोला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही, कारण नवऱ्याला शिकवायचं म्हणजे त्याला येत नाही हे तोंडावर म्हणायचं. दोघंही ‘टरफल’ म्हणायची. ‘टरफल संपलं’, ‘टरफल मागवलंय’. आणि या मुलखात नुसतं टरफल म्हटलं की ते कशाचं, हे सांगायला कोणी थांबत नाही.

दोन सिलिंडर झाले आणि रवा संपला. मुंबईहून पार्सल एसटीने येणार होतं. सुनंदा स्टँडवर गेली, बस पाऊण तास उशिरा आली. आणि आता ती पार्सल काखोटीला मारून धावत सुटली होती, कारण कंप्रेसर चालू होता.

तिने पडदा सारला. धोंडू इंजिनावर वाकलेला होता. नळी त्याने दोन्ही हातांनी, बाळाचं मनगट धरावं तशी घट्ट धरलेली होती. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

“आलीस? बघ, तिसरा काढलाय. आप्पानं फोन केलान, तीनला येतो म्हणून. म्हटलं तू येशीपर्यंत एक तरी उरकून टाकूया.”

“टरफल कुठनं आणलंत?” तिने विचारलं. विचारण्याची गरज नव्हती. वास तिच्या नाकात शिरला होता. नऊ वर्षं हा वास तिच्या केसांत, लुगड्यात, जेवणाच्या डब्यात होता.

“आपलीच गो. न्हाणीच्या चुलीसाठी ठेवलेली. कुटली आणि चाळून घेतली. तेल काढलेली हायत ती, कोरडी.” तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरायला लागला. “टरफल ते टरफल नाय काय?”

सुनंदाने आधी कंप्रेसर बंद केला. एकदम झालेल्या शांततेत रस्त्यावरून एक डंपर गेला तेवढाच आवाज. तिने बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला काळा, ओशट गाळ लागला होता आणि चिमटीत धरला की तार सुटत होती. कारखान्यातून जळणाला मिळणारी ही पेंड म्हणजे तेल काढलेली खरी, पण घाण्याला जेवढं निघतं तेवढंच निघतं; उरलेलं तेल टरफलाच्या पोटातच असतं. ते तेल माणसाचं कातडं सोलतं हे तिला माहीत होतं. पण तिची भीती वेगळीच होती. कारखान्याच्या भट्टीत हे तेल तापून लाखेसारखं घट्ट झालेलं तिने पाहिलं होतं. छिन्नी लावून खरवडावं लागायचं. हे वॉलच्या दांड्यावर बसून तापलं तर वॉल चिकटणार. चिकटलेल्या वॉलवर खालून पिस्टन आदळला की इंजिन संपलं. आणि ते संपायचं ते गॅरेजात नाही, उद्या सकाळी, आंबा घाटात, सोनूबाई बाजूला बसलेल्या असताना.

“सेल्फ मारलात?”

“नाय.”

“नक्की?”

“नाय म्हणतो ना!” धोंडू ओरडला, आणि मग हळू म्हणाला, “चावी तुझ्याकडंच हाय.”

चावी खरोखर तिच्या कंबरेला होती. तिने श्वास सोडला. मग दुसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना तिला धोंडूकडे बघवलं नाही.

“पुली फिरवलीत? वॉल मिटलेले होते?”

“फिरवली.”

“कुठवर?”

 धोंडू आपल्या हातांकडे बघत राहिला.

तिने तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला आणि भोकातून कॅमेऱ्याची बारीक वायर आत सोडली. मोबाइलच्या पडद्यावर सिलिंडरचं पोट दिसायला लागलं. एक वॉल पक्का बसलेला. दुसरा केसभर उघडा. आणि खाली पिस्टनच्या चकचकीत डोक्यावर तपकिरी दाणे, चिमूटभर असतील, आणि त्यांच्याभोवती तेलाचा ओला डाग. पुली पाव इंच पुढे जायला हवी होती. हात हलला असणार, तेवढ्यात पाना निसटला असणार. तिने मोबाइल धोंडूपुढे धरला नाही. पण तो तिच्या खांद्यावरून बघतच होता.

तेवढ्यात पडद्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. आप्पा तीनला येणार होते. ते अडीचला आले होते. कचेरीतला माणूस, वेळेआधी येऊन चुका पकडण्यात त्याचा जन्म गेलेला.

पडदा सरकवून आप्पा आत आले आणि दृश्य बघून उभेच राहिले. त्यांची गाडी पोट फाडून ठेवलेली, सुनंदा कोपरापर्यंत काळी, आणि धोंडू रिकाम्या हातांनी भिंतीला टेकलेला.

“हे काय? हिच्या हातात दिलंस?”

आप्पा पुढे आले, मडगार्डवर सांडलेली भुकटी त्यांनी चिमटीत घेतली, नाकाला लावली. त्यांच्याही न्हाणीत हेच जळत होतं.

“हे काजूचं टरफल.” त्यांनी चिमूट झटकली आणि बोट धोतराला पुसलं. “हे माझ्या इंजिनात गेलंय?”

“थोडं गेलंय,” सुनंदा म्हणाली. “निघंल.”

“निघेल? उद्या माझी बायको या गाडीत बसणार आहे, आणि तू मला सांगतेस निघेल? अगो, इंजिन म्हणजे काय चूल वाटली तुला? हातात सापडेल ते घालायला?” आप्पांचा आवाज चढत गेला. “मी याला विचारलं होतं, तू स्वतः करणार ना. विचारलं होतं की नाही? आणि हा माणूस गाडी बायकोच्या हवाली करून भिंतीला टेकून उभा! सांग ना, सुनंदा, कोणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला?”

सुनंदाने तोंड उघडलं. ‘चुकलं आप्पा’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्दांत सगळं मिटणार होतं. धोंडूची अब्रू राहणार होती, पाटी राहणार होती, आणि उद्यापासून गावात ‘बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं’ हे सांगत आप्पा फिरणार होते. पुन्हा कोणी तिला इंजिनाजवळ फिरकू दिलं नसतं. आणि धोंडूचे हात तर असे. म्हणजे गॅरेजच बुडणार होतं. हे सगळं तिला लख्ख कळत होतं, तरी ते दोन शब्द ओठांवर आलेच होते. सवय वाईट असते.

“तिला बोलू नका,” धोंडू म्हणाला.

आप्पा वळले.

“तिला बोलू नका आप्पा. ती स्टँडवर गेली होती. टरफल मी घातलं.” धोंडूने हात पुढे केले. ते थरथरत होते आणि आज त्याने ते लपवले नाहीत. बोटांची टोकं टरफलाच्या तेलाने लाल होऊन सोलवटायला लागली होती. “ह्ये बघा. दोन वर्षं झाली. गेली दोन वर्षं ह्या गॅरेजात मी पान्याला हात लावलेला नाय. तुमच्या भाच्याच्या गाडीच्या इंजिनाबद्दल तुमी मला शाबासकी दिलीत ना, भर बाजारात? ते तिनं बांधलान. शाळेच्या बसचा गिअरबॉक्स तिनं केलान. दोन वर्षांत ह्या शेडीतनं जी जी गाडी धडपणी बाहेर गेली ती तिच्या हातची. माझ्या हातचं काम दोन वर्षांत एकच झालं.” त्याने उघड्या इंजिनाकडे हनुवटी केली. “ते ह्ये.”

सुनंदाला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. इतका राग की तिने हातातला पाना ट्रेमध्ये आपटला. दोन वर्षं! दोन वर्षं पडद्यामागे तिची पाठ मोडली, आणि हे चार शब्द बोलायला या माणसाला इंजिनात काजूची टरफलं घालावी लागली. आणि त्याच रागाच्या बुडाशी तिला असंही वाटलं की धावत जाऊन ते लाल झालेले हात खोबरेल तेलात बुडवून धरावेत.

 आप्पा म्हणजे दोनदा वाचल्याशिवाय कागदावर सही न करणारा माणूस. त्यांनी धोंडूकडे बघितलं, मग इंजिनाकडे, मग पुन्हा धोंडूकडे.

“मग आता मी विचारायचं कोणाला?”

धोंडू बाजूला झाला.

“सुनंदा,” आप्पा म्हणाले, “उद्या गाडी घाट चढेल का?”

“आत्ता नाय सांगत,” ती म्हणाली. धोंडूकडे न बघता तिने गिऱ्हाइकाला दिलेलं हे पहिलं उत्तर. “आत सगळं धुऊन काढते, मग कॅमेरा घालते. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा. एक जरी दाणा दिसला तर मी गाडी देणार नाय, तुमी सोनूकाकीला एसटीने न्या. बसायचं तर बसा, पण मधे बोलू नका.”

आप्पा धोंडूच्या स्टुलावर बसले.

पुढचे तीन तास त्या शेडीत काम चाललं. सुनंदाने हातांना राख आणि खोबरेल फासलं, कारखान्यात फासायची तसं. व्हॅक्यूमच्या तोंडाला बारीक नळी जोडून प्लगच्या भोकातून आतले दाणे ओढून घेतले. मग रॉकेल घालून गाळ सैल केला, पेट्रोलने धुतला, ओढला, पुन्हा धुतला. वॉलच्या दांड्याभोवती ब्रश फिरवताना तिचा श्वास आपोआप थांबत होता. धोंडू हवं ते आधीच हातापाशी ठेवत होता. कोणतं हत्यार कधी लागणार हे त्याला अजून तिच्याआधी कळत होतं. मग तिने पुली फिरवली, वॉल मिटलेले पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पार्सल फोडून अक्रोडाच्या रव्याने तिसरा सिलिंडर नव्याने आणि मग चौथा साफ केला. दोन एसट्या थांबून गेल्या, कोणीतरी पंक्चर काढायला आलं आणि आप्पांनी त्याला परस्पर वाटेला लावलं.

साडेपाचला कॅमेरा आत गेला. आप्पांनी चष्मा पुसून मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. एक सिलिंडर बघितला, दुसरा बघितला, तिसरा दोनदा बघितला. धातू नव्या ताटासारखा चमकत होता.

सगळं जोडून झाल्यावर सुनंदाने चावी फिरवली. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला, अडखळलं. सुनंदाचा हात पुन्हा चावीकडे गेला. धोंडूने मान तिरकी करून डोळे मिटले. “रॉकेल जळतंय,” तो म्हणाला. “थांब जरा.” धूर विरळ झाला आणि इंजिन एका सुरात लागलं.

ती आप्पांना बाजूला बसवून नाणीजच्या पुढच्या चढाला गाडी घेऊन गेली. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबवली, पुन्हा उचलली. गाडीने मान टाकली नाही. तीनदा चढवली, तीनदा उतरवली. तिसऱ्यांदा आप्पांनी दाराची मूठ सोडली.

परत आल्यावर आप्पा स्टिअरिंगवर बसले, काच खाली केली. धोंडू रस्त्याच्या कडेला उभा होता. आप्पांचा स्वभाव काही एका दुपारी बदलणारा नव्हता. चांगलं बोलायचं तर त्याला टाचणी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“धोंडू,” ते म्हणाले, “पुढच्या खेपेला गाडी आणीन तेव्हा तू घरी नसलास तरी चालेल हो.”

धोंडू हसला. चांगला मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याने हात पाठीमागे नेले.

सुनंदा खिडकीपाशी गेली आणि काचेवर हात ठेवला.

“हे असतील आप्पा,” ती म्हणाली. “ज्या दिवशी हे नसतील, त्या दिवशी मी गाडी घेणार नाय.”